सगळी गल्ली काढायची आहे

कानामात्रा काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या हे खरं. पण दुसऱ्याचा जिना काढावा असं त्यांच्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. तरीही टेलरचा जिना गेला, दाताच्या डॉक्टरांचा ओटा गेला, किराणावाल्या शेठचा पत्रा गेला, आणि या सगळ्याच्या मुळाशी काका होते. काका आणि त्यांची एक वही.

काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लाल पेन घेऊन समासात बसायचं आणि पळालेले काने, हरवलेल्या मात्रा जागेवर आणायच्या, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. गल्लीने त्यावरूनच त्यांना नाव दिलं. स्वभाव इतका बुजरा की स्वतःची सही केल्यावरही ती बरोबर आहे ना, हे पुन्हा एकदा वाचून बघायचे. असा माणूस भर रस्त्यात स्टूल टाकून चित्रं काढायला बसेल, हे त्यांच्या बायकोलाही खरं वाटलं नसतं. पण सांगणारी ताई होती.

ताई म्हणजे काकांची मोठी बहीण. गल्लीत मात्र त्यांना ताई म्हणून कुणीच ओळखत नव्हतं. गल्लीच्या त्या नर्सबाई. निम्म्या गल्लीला त्यांनी इंजेक्शनं टोचली होती आणि उरलेली निम्मी त्यांना पाहून रस्ता बदलायची. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेकीच्या घरी पडून होत्या. पलंगासमोर खिडकी होती, आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत.

"या भिंतीचे पोपडे मला पाठ झालेत," ताई म्हणाल्या. "आपली गल्ली कशी आहे रे?"

"आहे तशीच आहे."

"हे काय सांगणं झालं? नीट सांग."

काकांनी मोबाइलमधला फोटो दाखवला.

"ही मुंगी कोण?"

"टेलर."

"आणि हा ठिपका?"

"त्याचं दुकान."

"ठेव तो खिशात. तू शाळेत चित्रं काढायचास ना? मग गल्ली काढ. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी काढ, काही सोडू नकोस. पण हातात धरायला लावू नकोस, माझे हात थरथरतात. आणि लवकर काढ. मी काही इथे कायमची पडून राहणार नाही."

हे शेवटचं वाक्य दोन अर्थांनी वाचता येतं, आणि मुद्रितशोधकाला आधी वाईट अर्थच दिसतो. काका जिना उतरले ते थेट चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात गेले.

हातात न धरता बघता येईल असं काही आहे का, या प्रश्नावर दुकानदाराने त्यांच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं आणि एक जाडसर वही काढली. वहीला शिवण नव्हती. जलरंगाच्या जाड कागदाची एकच लांबलचक पट्टी, पंख्यासारख्या घड्या घालून दोन पुठ्ठ्यांमध्ये बसवलेली. "मिटली की वही, उघडली की भिंत," दुकानदार म्हणाला. "टेबलावर नागमोडी उभी करा, आपोआप उभी राहते." काकांनी ती हातात घेतली. एक पुठ्ठा त्यांच्या हातात राहिला, दुसरा सुटला, आणि सगळी वही काउंटरवरून, रंगांच्या बाटल्यांवरून, एका गिऱ्हाइकाच्या पिशवीवरून घसरत जमिनीवर पसरली. काकांनी एकाच दमात सगळ्यांची माफी मागितली, वहीचीसुद्धा.

घरी काकूंनी वही उघडून बघितली. "याच्यात पान फाडायची सोय नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं तर?"

काकांनी घड्या उलटसुलट करून पाहिल्या. खरंच की! साध्या वहीत चुकलं तर पान फाडता येतं. ही एकसंध. एका घडीवर चूक झाली तर ती शेजारच्या घडीला चिकटून कायम राहणार. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापुढे असा मजकूर आला होता ज्याची दुसरी आवृत्ती निघणार नव्हती.

त्यांनी वाचनालयातून चित्रकलेचं एक पुस्तक आणलं. पुस्तक म्हणे, आधी डोळ्यांच्या पातळीची रेषा आखा, मग तिच्या आधाराने बाकी सगळं उभं करा. काकांनी पट्टी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या घड्यांवरून एक सरळ रेघ ओढली. हाताला सवय लाल पेनाची. रेघ लाल आली.

इथे काकूंनी "हे काय लाल?" असं विचारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या वेळी त्या कपडे वाळत घालत होत्या.

सकाळी काका गल्लीत स्टूल टाकून बसले आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी मागे येऊन उभं राहिलं. टेलर होता. त्याचं दुकान वरच्या मजल्यावर, आणि वर जायला बाहेरून लोखंडी जिना. जिना रस्त्यात बराच पुढे आला होता, पण त्याबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं.

"काय काका, काय चाललंय?"

मागे कुणी उभं राहिलं की काकांची जीभ टाळ्याला चिकटते. ते मान वर न करता म्हणाले, "काही नाही. तुमचा जिना काढतोय."

"जिना काढताय?"

"आज जिना. उद्या डॉक्टरांचा ओटा काढीन. मग शेठचा पत्रा. सगळी गल्ली काढायची आहे."

टेलरच्या गळ्यातली मोजपट्टी घसरली. "कोणी सांगितलं?"

"ताईंनी."

आता इथे एक खुलासा. घरात काका बहिणीला अगं-तुगं करत. पण चारचौघांत वडीलधाऱ्या माणसाचा उल्लेख आदरार्थी बहुवचनातच व्हायला हवा, या नियमाला त्यांनी उभ्या जन्मात अपवाद केला नव्हता. आणि त्याच महिन्यात प्रभागातून एक बाई निवडून आल्या होत्या. हात जोडलेला त्यांचा फोटो गल्लीच्या तोंडाशी लटकत होता. त्यांना सगळा प्रभाग ताई म्हणत होता.

"ताईंनी स्वतः सांगितलं?" टेलरचा आवाज बसला.

"स्वतः. काही सोडू नकोस म्हणाल्या. आणि लवकर काढ म्हणाल्या."

टेलर वाकून वहीत बघू लागला. त्याच्या जिन्याच्या बरोबर मधून लाल रेघ गेली होती.

"ही रेघ कसली?"

"ती पातळी. तिच्याशिवाय काढताच येत नाही."

टेलर घसरलेली मोजपट्टी गळ्यात टाकून निघून गेला. काकांना वाटलं, आपलं चित्र बघून बिचारा निराश झाला.

दुसऱ्या दिवशी काकांना गल्लीचा नूर बदललेला दिसला. आजवर ज्यांनी त्यांना कधी बसा म्हटलं नव्हतं त्यांनी उशी आणून दिली. दाताच्या डॉक्टरांनी चहा पाठवला, मग स्वतःच आले. "काका, ओटा काढलाच पाहिजे का? पेशंट बसतात हो तिथे."

"पेशंटसकट काढीन," काका आश्वासक स्वरात म्हणाले.

डॉक्टर दचकले. "त्रास होईल लोकांना."

"अहो डॉक्टर, तुम्ही नाही का रोज काढत? त्रास क्षणभराचा. नंतर बरंच वाटतं."

डॉक्टरांनी चहाचा कप न उचलताच काढता पाय घेतला. तेवढ्यात शेठ आले. दुकानावरचा पत्रा त्यांनी दर पावसाळ्यात थोडा थोडा पुढे आणला होता. आता समोरच्या बाजूने चालणाऱ्यांनाही त्याचा आडोसा मिळे.

"काका, आपले संबंध किती जुने," शेठ म्हणाले. "माझा पत्रा जरा बारीक काढा ना."

इतका कौतुकाने पाठपुरावा! काकांना भरून आलं. पण कामाच्या बाबतीत ते कडक होते. "नाही शेठ. आहे तेवढा पुरता काढणार. मी अर्धवट काढत नाही. एवढंच काय, पन्हळीसुद्धा एकेक मोजून काढणार."

शेठ कोपऱ्यावरच्या पोत्यावर मटकन बसले.

काकांना हे काहीच दिसत नव्हतं, कारण त्यांच्यापुढे वेगळंच संकट होतं. शाई बसत होती, पण रंग लावला की पाणी घडीच्या खोबणीत उतरायचं आणि तिथे तळं साचायचं. पाणी टिपून घ्यावं तर रंग जाई. राहू द्यावं तर डॉक्टरांची भिंत टेलरच्या दारात शिरे. काकूंनी सल्ला दिला, "दोरीवर टाका, चिमटे लावा." तशी ती वही काकूंच्या साड्यांशेजारी वाळत राहायची, आणि येणारे-जाणारे खालून तिच्याकडे बघून कुजबुजायचे.

मग एका सकाळी काका स्टूल घेऊन गेले आणि जागच्या जागी थिजले. टेलरच्या दुकानाला जिना नव्हता. वरच्या दारात टेलर हवेत पाय सोडून बसला होता.

"जिना कुठे गेला?"

"काढला."

काकांना क्षणभर वाटलं, टेलरनेही चित्रकला सुरू केली. "कुठे काढलात? बघू."

"मागच्या बाजूला पडलाय. तुम्ही काढायच्या आधी आम्हीच काढला. लोखंड तरी धड राहिलं." टेलर कडवट हसला. "आता खूश?"

काका मागे जाऊन बघून आले. जिना खरोखरच आडवा पडला होता. त्यांनी आपली वही उघडली. तिच्यात जिन्याच्या पायऱ्या अजून कच्च्या होत्या, कठडा तर बाकीच होता. ताई काय म्हणतील? काही सोडू नकोस म्हणाल्या होत्या. काकांनी पडलेल्या जिन्याकडे मान वाकडी करकरून बघत कठडा पुरा केला. दुरून पाहणाऱ्या टेलरच्या बायकोने कपाळाला हात लावला. "पाडल्यावरसुद्धा नोंद करतायत बघा! केवढी ती दुष्टाई!"

पुढे डॉक्टरांच्या ओट्यावर घण पडला. मग आणखी कुणाची पायरी गेली, कुणाचा कठडा. काका हादरले. जिथे जिथे ते ब्रश नेत होते, तिथे तिथे पोहोचायच्या आत गल्ली नाहीशी होत होती. ते सकाळी लवकर येऊन बसू लागले, जेवण सोडून काढू लागले. त्यांची घाई बघून लोकांनीही घाई केली.

"मी काहीतरी हातात घेतलं की असंच होतं," काका काकूंना म्हणाले. "इतकी वर्षं सगळी गल्ली जागच्या जागी उभी होती. मी चित्र काढायला बसलो, आणि सगळ्यांनी नेमकी आत्ताच दुरुस्ती काढली!"

"तुमचा पायगुण," काकू म्हणाल्या. त्या थट्टेत म्हणाल्या होत्या.

शेवटपर्यंत तग धरला तो फक्त शेठच्या पत्र्याने. तो बघून टेलरच्या अंगाचा तिळपापड झाला. शिडीवरून चढ-उतार करून गुडघे सोलवटले होते बिचाऱ्याचे. त्याने सरळ अतिक्रमणाच्या कचेरीत तक्रार दिली: माझा जिना गेला, डॉक्टरांचा ओटा गेला, मग शेठचा पत्रा का नाही? कानामात्रा काका तिथेच बसून चहा पितात, हेही तोंडी सांगितलं.

कचेरीत कुणालाच काही माहीत नव्हतं. काकांना वहीसकट बोलावण्यात आलं.

सरकारी कचेरीत काका याआधी गेले होते ते दाखल्यातली स्वतःच्या नावाची वेलांटी दुरुस्त करायला. आता समोर साहेब, मागे सगळी गल्ली.

"गल्ली काढायला तुम्हाला कोणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"ताईंनी."

"ताईंना मी आत्ताच फोन केला होता. त्या म्हणाल्या, मी या माणसाला ओळखतसुद्धा नाही."

काकांच्या पायांखालची फरशी हलली. "ओळखत नाही म्हणाल्या? ताई? अहो, परवा त्यांच्या खोलीत मी त्यांचे पाय चेपले!"

कचेरीतला टंकलेखनाचा आवाज थांबला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कुणाचे?"

"ताईंचे! पलंगावर पडल्या पडल्याच तर म्हणाल्या, गल्ली काढ! त्यांनीच मला लहानाचं मोठं केलं, मला आंघोळ घातली, आणि आज ओळखत नाही म्हणतात?" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाडाबरोबर डोक्यालाही मार लागला की काय!"

मागून काकूंचा आवाज आला. "अहो, तुमची ताई नव्हे! निवडून आलेल्या ताई!"

मग काकांना गेले काही दिवस पहिल्या शब्दापासून आठवू लागले. जिना काढतोय. ओटा काढीन. पुरता काढणार, अर्धवट काढत नाही. पेशंटसकट. एकेक वाक्य डोळ्यांपुढून जाऊ लागलं, आणि प्रत्येक वाक्याचा दुसरा अर्थ त्यांना पहिल्यांदाच दिसला. आयुष्यभर लोकांच्या वाक्यांतले घोटाळे शोधणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून हे असं निघालं होतं, आणि त्यातलं एकही त्याला पकडता आलं नव्हतं.

"चित्र," ते कसेबसे म्हणाले. "चित्र काढतोय हो मी. चित्र!"

"नर्सबाईंसाठी?" टेलर किंचाळला. "आणि माझा जिना?"

साहेबांनी मात्र वही उघडली होती. ती टेबलभर पसरली, फायलींवरून गेली, पलीकडच्या कारकुनाच्या डब्यापाशी थांबली. साहेब वाकून घडी घडी बघत चालले आणि हळूहळू त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हे जिने, ओटे, पत्रे... हे सगळं बेकायदा दिसतंय. लाल रेषेच्या, म्हणजे रस्त्याच्या हद्दीच्या पुढे आलंय."

"साहेब, ती रेषा माझ्या डोळ्यांची आहे!"

"वही जमा करा. स्थळपाहणी होईल."

वही गेली. ताईंचा निरोप येत होता, झाली का रे गल्ली? काका काय सांगणार? गल्लीत तोंड दाखवायची सोय नव्हती, आणि दाखवायला जी एक वस्तू होती ती कचेरीच्या कपाटात होती.

पाहणीच्या दिवशी साहेब आले. एका कारकुनाने वहीचं एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं, आणि ती पताकेसारखी ताणून ते गल्लीतून चालू लागले. मागे साहेब, त्यांच्या मागे मान खाली घालून काका. शेठनेही त्या सकाळीच पत्रा उतरवून घेतला होता. साहेब चित्रात बघायचे, मग समोर. चित्रात जिना, समोर नुसती भिंत. चित्रात ओटा, समोर सपाट जमीन. चित्रात पत्रा, समोर आकाश.

गल्लीच्या टोकाशी त्यांनी वहीच्या कोऱ्या राहिलेल्या शेवटच्या घडीवर शेरा लिहून शिक्का मारला: 'स्थळपाहणी केली. दर्शविलेले बांधकाम जागेवर आढळुन आले नाही. चित्र वास्तवाशी जुळत नाही.'

काकांनी वाचलं. "साहेब, 'आढळून'मधला ळू दीर्घ हवा," ते पुटपुटले. बाकीच्या मजकुराला हरकत घ्यायची ताकद त्यांच्यात नव्हती.

वही काकांच्या हातात देऊन साहेब निघाले. त्यांची गाडी वळताच टेलरने काकांना मिठी मारली. "काका, तुमचे उपकार! सरकारी शिक्क्यासकट लिहून मिळालं, जिना कधी नव्हताच!" शेठ म्हणाले, "चित्र असं भलतंच निघालं म्हणून वाचलो." डॉक्टरांनी हात हातात घेतले. "काका, तुम्हाला चित्र येत नाही हे किती बरं झालं!" सगळी गल्ली मनापासून अभिनंदन करत होती. काकांना रडूच यायचं बाकी होतं.

संध्याकाळी त्यांनी वही ताईंच्या पलंगाशेजारी टेबलावर उभी केली. नागमोडी, खिडकीतली भिंत झाकून. उभी राहिली. शेवटची घडी त्यांनी मागे दुमडून ठेवली.

ताई बघत राहिल्या. मग त्यांनी थरथरतं बोट चित्रावर ठेवलं आणि ते गल्लीतून चालू लागलं. टेलरच्या जिन्यावर चढलं, उतरलं, डॉक्टरांच्या ओट्यावर टेकलं, शेठच्या पत्र्याखाली थांबलं. बोट दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचलं.

"हाडांचे डॉक्टर उठायला परवानगी देतायत," ताई म्हणाल्या. "रविवारी चाकांच्या खुर्चीत बसवून गल्लीत ने मला. एकदा सगळं डोळ्यांनी बघते."

काका हो म्हणून बसले. गल्ली होती कुठे?

त्यांनी टेलरला सांगितलं, टेलरने शेठला. नर्सबाई येणार म्हटल्यावर इंजेक्शन टोचून घेतलेली सगळी मंडळी उठली. आणि खरं सांगायचं तर जे कधी नव्हतंच असं शिक्क्यासकट ठरलं होतं, ते पुन्हा उभं करायला सगळ्यांचे हात शिवशिवतच होते. वही ताईंच्या लेकीकडून तेवढ्यापुरती मागून आणली आणि ती मधोमध ठेवून कामाला सुरुवात झाली. "चित्रात बघा! ओटा इतका पुढे नव्हता!" "पत्रा खिडकीपर्यंतच होता, पन्हळी मोजा!" जो तो काकांना विचारी, आणि काका म्हणत, "मला काय विचारता? माझं चुकलंही असेल." मग ज्याला जसं सोयीचं, तसं त्याने केलं.

रविवारी ताई आल्या. खुर्ची गल्लीच्या तोंडाशी थांबली. सगळे आपापल्या दारात उभे. ताईंच्या मांडीवर वही होती, आणि त्या एकदा वहीत, एकदा समोर बघत होत्या. कपाळावर आठ्या पडत गेल्या.

"काय रे टेलर, जिना रुंद कसा झाला? आणि शेठ, पत्रा तर नाल्यापलीकडे गेलाय. हा ओटा आहे की धर्मशाळा?" त्यांनी सगळ्या गल्लीवर एक नजर टाकली, इंजेक्शनच्या आधी टाकायच्या तशी. मग भावाकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझं बरोबर आहे. गल्ली चुकली आहे."

काकांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. त्यांनी ते वाक्य मनात पुन्हा वाचून पाहिलं. एकही चूक सापडली नाही. जवळच होता त्या डॉक्टरांच्या नव्या ओट्यावर ते बसले.

"काका, उठा!" डॉक्टर ओरडले. "सिमेंट ओलं आहे! काका!"

काकांनी ऐकलं. पण ते उठले नाहीत.